तोतरेपणा : वाचोपचार आणि शाळेचे साहाय्य

शाळेत हजेरी घेतली जात असताना बहुतेक मुले ‘हजर’ हा शब्द काहीही विचार न करता उच्चारतात. परंतु अनेक शाळांमध्ये एखादे मूल असे असते, की आपले नाव येण्यापूर्वी पाच-सहा नावे आधीच त्याच्या छातीत धडधडू लागते. नाव पुकारले जाताच ते मूल कधी नुसता हात वर करते, कधी खोकल्याचे निमित्त करते, तर कधी गप्प राहून गैरहजेरी पत्करते. शिक्षकांना ते बेफिकीर वाटते आणि सोबत्यांना त्याची गंमत वाटते. वस्तुतः त्या मुलाला उत्तर येत असते, शब्दही ठाऊक असतो; तो शब्द वेळेवर मुखातून बाहेर पडत नाही, एवढीच त्याची अडचण असते.

ही अडचण म्हणजे तोतरेपणा. वाचोपचार, म्हणजे ज्यांना रूढ भाषेत ‘स्पीच थेरपी’ म्हणतात ते उपचार, तोतरेपणाच्या बाबतीत काय साधू शकतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या, आणि या कार्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांचा वाटा कोणता, याचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

तोतरेपणाचे स्वरूप

तोतरेपणा आणि बोबडेपणा यांची व्यवहारात नेहमी गल्लत केली जाते. ‘राम’ऐवजी ‘लाम’ किंवा ‘काकडी’ऐवजी ‘तातडी’ म्हणणाऱ्या मुलाचे बोलणे बोबडे असते. त्याला विशिष्ट वर्णाचा उच्चार साधलेला नसतो. तोतरेपणात वर्णाचा उच्चार येत असतो, परंतु बोलण्याचा ओघ तुटतो. हा ओघ तीन प्रकारांनी तुटतो. पहिल्या प्रकारात अक्षराची किंवा शब्दाच्या एखाद्या भागाची पुनरावृत्ती होते. ‘पाणी’ हा शब्द ‘पा-पा-पा-पाणी’ असा उमटतो. दुसऱ्या प्रकारात ध्वनी लांबत जातो. ‘साखर’मधील ‘स’ बराच वेळ ताणला जातो. तिसऱ्या प्रकारात ओठ, जीभ किंवा स्वरयंत्र जागच्या जागी अडकते आणि काही क्षण कोणताच आवाज बाहेर पडत नाही. हा तिसरा प्रकार बोलणाऱ्याला अतिशय कष्टप्रद असतो. ऐकणाऱ्याचा मात्र ‘याला उत्तर येत नाही’ असाच समज होतो.

काही काळ लोटला, की या मूळ दोषावर इतर गोष्टींची पुटे चढू लागतात. अडकलेला शब्द बाहेर काढण्यासाठी मूल डोळे मिचकावते, मान झटकते, मांडीवर थाप मारते किंवा पाय आपटते. त्यानंतर ते शब्द चुकवावयास शिकते. ‘पाणी’ हा शब्द अडतो असे ध्यानात आले, की ‘तहान लागली’ असे म्हणून वेळ मारून नेते. दुकानातून अमुक वस्तू आण म्हटले, तर उच्चारावयास सोपी अशी दुसरीच वस्तू घेऊन येते. परंतु स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो. म्हणूनच तोतरेपणा असलेल्या अनेकांना आपले नाव सांगण्याची भीती सर्वाधिक वाटते. काही जण पुढे बोलण्याचे प्रसंगच टाळू लागतात. येथपर्यंत गोष्ट आली, की अडखळणे इतरांना फारसे ऐकूही येत नाही, कारण ती व्यक्ती बोलतच नाही.

शिक्षकांना बुचकळ्यात टाकणारी आणखी एक बाब आहे. जे मूल प्रश्नाचे उत्तर देताना अडखळते, तेच शाळेची प्रार्थना सर्वांबरोबर सुरळीत म्हणते. पाढे एका सुरात म्हणताना ते अडत नाही. भजनात किंवा हरिपाठात त्याचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळून जातो. गोठ्यातल्या वासराशी किंवा तान्ह्या भावंडाशी ते सहजपणे बोलते. त्यामुळे ‘याला मनात आले म्हणजे नीट बोलता येते, हे नाटक आहे’ असा ग्रह होतो. हा ग्रह चुकीचा आहे. एकत्र उच्चारण करताना इतरांच्या आवाजाचा आणि लयीचा आधार मिळतो, त्यामुळे तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, असे जगभर आढळून आले आहे. प्रसंगानुसार कमीजास्त होणे हे तोतरेपणाचे एक ठळक लक्षणच आहे. एके दिवशी सुरळीत बोललेले मूल दुसऱ्या दिवशी फार अडखळले, तर त्यात त्याचा हट्ट नसतो.

प्रमाण आणि कारणे

तोतरेपणाची सुरुवात बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांच्या दरम्यान होते. शब्द जोडून मोठी वाक्ये बोलण्याचा हा काळ असतो. सुमारे ५ टक्के किंवा त्याहून थोड्या अधिक मुलांमध्ये कधी ना कधी तोतरेपणा दिसून येतो. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक मुलांचा तोतरेपणा पुढे आपोआप जातो. उर्वरित मुलांमध्ये तो टिकून राहतो. एकूण लोकसंख्येत असे सुमारे शंभरात एक माणूस आढळते. मोठेपणी हे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत साधारणतः चौपट असते, कारण लहानपणी मुलींचा तोतरेपणा आपोआप जाण्याचे प्रमाण अधिक आहे.

तोतरेपणा भित्रेपणामुळे येतो, आईबापांच्या धाकामुळे येतो, किंवा दुसऱ्या तोतऱ्या मुलाची नक्कल केल्याने जडतो, असे समज रूढ आहेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. तोतरेपणा पुष्कळदा एकाच कुटुंबातील अनेक व्यक्तींमध्ये आढळतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातूनही त्याचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध स्पष्ट झाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संशोधकांनी मुख्यतः पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून काही प्रकरणांशी संबंधित अशी तीन जनुके २०१० साली निदर्शनास आणली. गेल्या काही दशकांत मेंदूच्या प्रतिमा घेण्याचे तंत्र विकसित झाले. त्याद्वारे झालेल्या तपासण्यांत, तोतरेपणा असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील वाणीशी संबंधित भागांच्या रचनेत व कार्यात सूक्ष्म फरक आढळले आहेत. बोलण्यासाठी श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांच्या हालचालींचा क्षणाक्षणाचा मेळ साधावा लागतो; या मेळाच्या नियंत्रणात उणीव राहते, असे आज सामान्यतः मानले जाते. बुद्धीशी त्याचा काहीही संबंध नाही. भीती, घाई आणि थट्टा यांमुळे तोतरेपणा वाढू शकतो. परंतु ती त्याची मूळ कारणे नव्हेत.

घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी भाषा असल्यामुळे मूल तोतरे होते, असेही काही पालकांना वाटते. आदिवासी पाड्यांवरील मुलांच्या आणि इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न विशेषेकरून विचारला जातो. दोन भाषा बोलल्याने तोतरेपणा येतो, असे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी मुलाची घरची भाषा तोडण्याचे काहीच कारण नाही.

भूतकाळातील दोन धडे

तोतरेपणावर मनुष्याने प्राचीन काळापासून नाना उपाय योजले आहेत. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीस तोंडात खडे ठेवून बोलण्याचा सराव करीत असे, अशी कथा प्रसिद्ध आहे. आपल्याकडेही जिभेला वेखंड चोळणे, पोपटाने उष्टावलेले फळ खाऊ घालणे, नवस बोलणे असे उपाय कोठे कोठे केले जातात. जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा सल्लाही दिला जातो. हा पडदा खरोखरच आखूड असेल, तर काही बालकांना दूध पिताना किंवा काही वर्णांचा उच्चार करताना अडचण येऊ शकते. परंतु तोतरेपणाशी त्याचा संबंध नाही.

जिभेत दोष आहे या समजुतीने केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. १८४१ साली बर्लिन येथील योहान डीफेनबाख या नामांकित शल्यविशारदाने तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाचा भाग छेदण्याची शस्त्रक्रिया आरंभली. शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देण्याची पद्धत रुजण्यापूर्वीचा, म्हणजे १८४६ पूर्वीचा, तो काळ होता. इतर देशांतील शल्यविशारदांनीही तिचे अनुकरण केले. या शस्त्रक्रियेने रुग्णांना यातना झाल्या, टिकाऊ गुण आला नाही आणि अल्पावधीतच ती सोडून द्यावी लागली.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे असून शिक्षकांच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे आहे. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने अनाथालयातील २२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील काही मुले पूर्णतः सुरळीत बोलणारी होती. असे असता, त्यांना त्यांचे बोलणे सदोष असल्याचे, ती तोतरी होऊ लागल्याचे वारंवार सांगण्यात आले. नीट बोलता येत नसेल तर बोलूच नये, अशीही शिकवण त्यांना देण्यात आली. ही मुले खऱ्या अर्थाने तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही. परंतु ती बोलण्यास कचरू लागली. त्यांची उत्तरे तुटक झाली. वर्गात ती मागे राहू लागली. आयोवा विद्यापीठाने या प्रयोगाबद्दल २००१ साली जाहीर क्षमायाचना केली.

या प्रयोगावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सततच्या टीकेने तोतरेपणा निर्माण होवो वा न होवो, मूकपणा मात्र निश्चित निर्माण होतो. निरोगी वाणीच्या मुलांची ही गत झाली, तर मुळातच अडखळणाऱ्या मुलावर रोजच्या टीकेचा काय परिणाम होत असेल, याची कल्पना करता येईल. म्हणून मुलाचे अडखळणे कमी करणे आणि त्याला बोलते ठेवणे, ही वाचोपचारांची दोन उद्दिष्टे एकाच वेळी साधावी लागतात. पहिल्यासाठी दुसऱ्याचा बळी देऊन चालत नाही.

लहान मुलांवरील उपचार

वाचोपचारतज्ज्ञ प्रथम मुलाच्या बोलण्याचा नमुना घेतात. गप्पा, चित्रवर्णन आणि वाचन यांतून काही शे अक्षरांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले जाते व दर शंभर अक्षरांमागे किती वेळा अडखळणे झाले, याची मोजणी होते. त्याबरोबरच तोतरेपणा केव्हा सुरू झाला, कुटुंबात आणखी कोणाला तो आहे काय, मुलाची श्रवणशक्ती व इतर भाषाविकास कसा आहे, आणि मूल बोलणे टाळू लागले आहे काय, याची चौकशी केली जाते.

बहुसंख्य मुलांचा तोतरेपणा आपोआप जातो हे खरे असले, तरी कोणाचा जाईल आणि कोणाचा राहील, हे आधी निश्चित सांगता येत नाही. तोतरेपणा सुरू होऊन सहा महिने ते वर्ष लोटले असेल, कुटुंबातील कोणाचा तोतरेपणा मोठेपणीही टिकलेला असेल, तो साडेतीन वर्षांच्या वयानंतर सुरू झालेला असेल किंवा मूल बोलताना धडपड व त्रागा करीत असेल, तर वाट पाहत बसू नये. मुलगा असेल, तर अधिक दक्ष राहावे. ‘मोठा झाला म्हणजे सुधारेल’ या भरवशावर काढलेली वर्षे हीच उपचारांना सर्वाधिक अनुकूल अशी वर्षे असतात.

सहा वर्षांखालील मुलांसाठी आज ज्या पद्धतीला संशोधनाचा भक्कम आधार आहे, ती ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे विकसित झाली असून तेथील एका उपनगरावरून ‘लिडकोम कार्यक्रम’ या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत प्रत्यक्ष उपचार पालक करतात. तज्ज्ञ त्यांना आठवड्यातून एकदा मार्गदर्शन करतात. पालक रोज सुमारे १० ते १५ मिनिटे मुलाशी खेळत, चित्रे पाहत बोलतात. मूल सुरळीत बोलले, की ‘छान, सलग बोललीस’ असे सहजपणे म्हणतात. अडखळण्याचा उल्लेख क्वचित आणि कोणताही दोष न देता केला जातो. दिवसअखेर त्या दिवशीच्या तोतरेपणाला गुण देऊन पालक त्याची नोंद ठेवतात. अडखळणे नाममात्र उरले, की भेटी हळूहळू कमी केल्या जातात. परंतु पुढेही अनेक महिने लक्ष ठेवले जाते.

या पद्धतीची न्यूझीलंडमध्ये ५४ मुलांवर घेतलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनंतर उपचार मिळालेल्या मुलांमध्ये अडखळण्याचे प्रमाण दर शंभर अक्षरांमागे सरासरी १.५, तर हे उपचार न मिळालेल्या गटात ३.९ इतके होते. दुसऱ्या गटातील मुलेही काही अंशी सुधारली होती, कारण या वयात नैसर्गिक सुधारणा होतच असते. परंतु उपचारांचा लाभ तिच्याहून अधिक असल्याचे सिद्ध झाले. मात्र ही पद्धत तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच अवलंबावी लागते. कौतुकाचा अतिरेक झाला, किंवा प्रत्येक शब्दावर शेरा मारला जाऊ लागला, तर मुलाला त्याचा जाच होतो.

मोठी मुले व प्रौढ

शाळकरी वयात आणि त्यापुढे तोतरेपणा पूर्णपणे नाहीसा होण्याची शक्यता कमी होत जाते, हे स्पष्टपणे सांगावयास हवे. तोतरेपणा हमखास घालविणारे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. ‘दहा दिवसांत कायमचा बरा’ अशा जाहिराती देणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. अशा वर्गांत ठेक्यावर किंवा विलक्षण संथ बोलावयास लावल्यामुळे काही दिवस अडखळणे थांबल्यासारखे वाटते. घरी परतल्यावर ते पुन्हा सुरू होते आणि दोष मात्र मुलाच्या प्रयत्नांना दिला जातो.

मोठ्यांसाठी वाचोपचारांच्या दोन प्रमुख दिशा आहेत. पहिल्या दिशेत बोलण्याची पद्धतच बदलली जाते. वाक्यारंभी आवाज झटक्याने न काढता मृदूपणे काढणे, ओठ व जीभ हलकेच टेकविणे, स्वर किंचित लांबवून शब्द एकमेकांशी जोडणे, यांचा सराव प्रथम अगदी संथपणे केला जातो आणि मग गती क्रमाक्रमाने नेहमीच्या बोलण्याजवळ आणली जाते. दुसऱ्या दिशेत अडखळण्याचे स्वरूपच बदलले जाते. अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५-१९९४) हे या पद्धतीचे प्रमुख प्रवर्तक होत. ते स्वतः तोतरे होते. या पद्धतीत व्यक्ती प्रथम आपल्या अडखळण्याचे निरीक्षण करते. नंतर शब्द अडला, तर तो पुरा करून ती क्षणभर थांबते व तोच शब्द ताण न देता पुन्हा उच्चारते. पुढच्या टप्प्यावर शब्द अडलेला असतानाच ताण सैल करून बाहेर पडण्यास ती शिकते, आणि अखेर कठीण शब्द येण्यापूर्वीच तशी तयारी करते. याबरोबरच भीती घालविण्यासाठी ती मुद्दाम हलकेच अडखळून पाहते, फोनवर बोलते, अनोळखी माणसाला रस्ता विचारते. पुष्कळ तज्ज्ञ या दोन्ही दिशांचा संगम करतात.

तज्ज्ञांच्या खोलीत साधलेले बोलणे बाजारात, वर्गात, बसमध्ये टिकविणे हा उपचारांतील सर्वांत कठीण भाग होय. काही महिन्यांनंतर तोतरेपणा पुन्हा वाढणे हे प्रौढांमध्ये नेहमी आढळते. त्यात अपयश मानण्याचे कारण नाही. काही भेटींनी सराव पुन्हा ताजा करता येतो.

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. राजपुत्र असताना ऑक्टोबर १९२५ मध्ये वेंब्ली येथील प्रदर्शनाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण तोतरेपणामुळे त्यांना आणि श्रोत्यांनाही फार जड गेले. पुढील वर्षी ते लायोनेल लोग या मूळच्या ऑस्ट्रेलियन वाणीशिक्षकाकडे जाऊ लागले. श्वसनाचा सराव, भाषणातील विरामांची आखणी आणि अवघड शब्दांची अदलाबदल असे उपाय लोग यांनी योजले. राजांचा तोतरेपणा समूळ गेला नाही. परंतु ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध घोषित झाल्यावर त्यांनी आकाशवाणीवरून संथ, थांबत थांबत आपल्या प्रजाजनांना उद्देशून भाषण केले आणि ते पूर्ण केले. २०१० साली निघालेल्या एका चित्रपटामुळे ही हकीकत सर्वतोमुखी झाली. उपचार सुरू झाल्यानंतर तेरा वर्षांनी हे भाषण झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उपचारांच्या सोयी

भारतात या शास्त्राचे पद्धतशीर शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातही त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले. वांद्रे येथील अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली असून तेथे श्रवणदोषांबरोबर वाणीदोषांवरही उपचार होतात. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात वाचोपचारांची सोय असते.

ग्रामीण भागासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा अधिक जवळचा मार्ग आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाखाली फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना असून त्यांच्या रचनेत श्रवण व वाचोपचारतज्ज्ञाच्या पदाचा समावेश आहे. परंतु तपासणीच्या काही मिनिटांत तोतरे मूल मान हलवून किंवा एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होते. त्याचा तोतरेपणा शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकेलाच ठाऊक असतो. त्यांनी सांगितले नाही, तर पथकाला तो कळण्याचा संभव थोडा.

तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मूल पन्नास-साठ किलोमीटर दूर, ही अडचण खरीच आहे. दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून येणे अनेक पालकांना परवडत नाही. यावर दूरस्थ उपचारांचा उपाय आहे. समोरासमोर भेटीऐवजी संगणकाच्या पडद्यावरून पालकांना मार्गदर्शन केले असता लिडकोम कार्यक्रमाचे परिणाम तुल्य राहतात, असे ऑस्ट्रेलियातील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. पहिली तपासणी प्रत्यक्ष व्हावी आणि नंतरच्या बऱ्याच भेटी ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या संगणकावरून व्हाव्यात, अशी व्यवस्था करणे अशक्य नाही.

कायद्याच्या दृष्टीने एक बाब स्पष्ट असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. तथापि तेथील व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे, मेंदूच्या विकाराने वाचा जाणे, अशा कारणांनी येणाऱ्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वावर बेतलेली आहे. तोतरेपणा असलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. म्हणून शाळेने दाखवावयाचा समजूतदारपणा प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवू नये.

शाळेत काय करता येईल

आठवड्यातला एखादा तास तज्ज्ञांकडे जातो. उरलेला काळ मूल घरी आणि शाळेत असते. शिक्षकांनी पुढील गोष्टी केल्या, तर त्यांसाठी निराळा खर्च लागत नाही.

मूल अडखळत असताना त्याच्याकडे नेहमीच्या नजरेने पाहावे व त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे. त्याचा शब्द आपण पुरा करू नये. ‘सावकाश बोल’, ‘आधी श्वास घे’, ‘घाबरू नकोस’ हा उपदेश सद्हेतूने केला जातो; परंतु मुलाने तो असंख्य वेळा ऐकलेला असतो, आणि आपले बोलणे ऐकण्याऐवजी ते तपासले जात आहे, एवढेच त्याला त्यातून समजते. त्यापेक्षा शिक्षकांनी स्वतः संथपणे व थांबत बोलावे. प्रश्न विचारल्यावर सर्वच मुलांना क्षणभर विचार करू द्यावा. मुलाने काय सांगितले, त्याला उत्तर द्यावे. कसे सांगितले, त्याला नव्हे.

अशा मुलाला उभे करून एकट्याने धडा वाचावयास लावणे ही त्याची कसोटी ठरते. उलट, त्याला कधीच न विचारणे हीही एक शिक्षाच होय. प्रथम जोडीने वाचन, मग लहान गटात, मग वर्गासमोर, असा क्रम ठेवता येतो. कोणत्या प्रकारे उत्तर देणे त्याला सोईचे वाटते, हे शिक्षकांनी त्याला एकांतात विचारावे. हजेरीच्या वेळी आळीपाळीने निरनिराळ्या क्रमांकापासून आरंभ करावा, किंवा कोणताही शब्द उच्चारून हजेरी दिलेली चालेल असे सर्व वर्गालाच सांगावे. तोंडी परीक्षेत त्याला अधिक वेळ द्यावा. अडखळण्याबद्दल गुण कापू नयेत.

‘तोतऱ्या’ या टोपणनावाचा वापर वर्गात निश्चयाने बंद केला पाहिजे. हे टोपणनाव पुष्कळदा गावातील मोठी माणसेच देतात आणि मुले त्यांचे अनुकरण करतात. शिक्षकांनी मुलाच्या संमतीने वर्गाला तोतरेपणाविषयी साध्या शब्दांत माहिती द्यावी. २२ ऑक्टोबर हा दिवस १९९८ पासून आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने हे सहजपणे करता येईल. प्रौढांसाठी स्वसाहाय्य गटही चालतात. ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ ही तोतरेपणा असलेल्या व्यक्तींनीच चालविलेली संघटना देशात या दिशेने काम करीत आहे. उपचारांना असे गट पर्याय नसले, तरी न घाबरता बोलण्याची जागा त्यांतून मिळते.

पंचायत आणि कार्यालये

ग्रामसभेत एखादा शेतकरी पाण्याच्या पाळीविषयी तक्रार मांडण्यास उभा राहतो. पहिल्याच शब्दाला अडतो. कोणी हसते, कोणी त्याचे वाक्य भलतेच पुरे करते, आणि तो खाली बसतो. त्याची तक्रार इतिवृत्तात येत नाही. अशा वेळी सभेच्या अध्यक्षांनी शांतता राखून त्याला त्याचा वेळ दिला, तर ते केवळ सौजन्य ठरत नाही. त्या माणसाचा नागरिक म्हणून असलेला अधिकार त्यामुळे राखला जातो. कार्यालयाच्या खिडकीशी नाव सांगताना अडणाऱ्या माणसाबद्दल तो खोटे बोलत असल्याचा संशय घेऊ नये. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराचे ज्ञान आणि त्याच्या बोलण्याचा वेग यांची गल्लत होऊ देऊ नये. दूरध्वनीवरून बोलताना पलीकडून काही क्षण आवाज आला नाही, तर लगेच फोन ठेवू नये.

यांपैकी बहुतेक गोष्टींना शासकीय आदेशाची आवश्यकता नाही. तथापि एका गोष्टीसाठी थोडे नियोजन हवे. वैद्यकीय पथकाची पुढील भेट ठरली, की मुख्याध्यापकांनी व अंगणवाडी सेविकांनी आपल्याकडील अडखळणाऱ्या मुलांची यादी आधीच तयार ठेवावी. तोतरेपणा केव्हापासून आहे, कुटुंबात आणखी कोणाला आहे काय आणि मूल बोलणे टाळते काय, या तीन बाबी प्रत्येक नावापुढे लिहाव्यात. तीन-चार वर्षांच्या बालकांची नावे यादीत आधी घ्यावीत, कारण त्यांच्या बाबतीत वेळेला सर्वाधिक मोल आहे. ती यादी जिल्हा केंद्रापर्यंत पोहोचली काय आणि मुलांना तपासणीची तारीख मिळाली काय, याची विचारणा पंचायतीच्या सदस्यांनी पुढच्या मासिक बैठकीत करावी.